आधी इंजिन, मग इंधन

मला मोटारीतले ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. मी बी.ए. मराठी. चौतीस वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. घरात वाहन म्हणाल तर २००८ साली, म्हणजे निवृत्त झालो त्या वर्षी घेतलेली एक स्कूटर. त्यामुळे टर्बो, इंजेक्टर, ऑक्टेन असल्या शब्दांवर मी काही लिहीन असे मला स्वतःलाच कधी वाटले नव्हते. पण वेळ आली. ती कट्ट्यावरच्या एका वाक्याने आणली.

आमच्या कराडात रोज सकाळी कृष्णाकाठी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक कट्टा आहे. २०२५ च्या ऑगस्टात सगळीकडे पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलची चर्चा चालू होती, तशी ती कट्ट्यावरही चालू होती. माझी स्कूटर त्या महिन्यात दुसऱ्यांदा मेकॅनिककडे गेली होती, म्हणून मी थोडी कुरकुर केली. तर आमच्यातले एक मित्र, साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून आयुष्य काढलेले, एकदम म्हणाले, "सर, तुमचा नातू तिकडं अमेरिकेत ८५ टक्के इथेनॉल टाकून गाडी पळवतो. गाडीची ताकद वाढली म्हणून तुम्हीच कौतुक सांगत होता. आणि इकडं २० टक्क्यांवर रडताय? उसाच्या जिवावर शिकलात, आणि आता शेतकऱ्याचे वैरी झालात का?"

सगळे हसले. मीही हसलो. उत्तर सुचले नाही. मला उत्तरे नेहमी घरी आल्यावर, चहा घेताना सुचतात. तर हे ते उत्तर. थोडे लांबले आहे, पण मित्राने दोन आरोप केले आहेत आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवे.

आधी नातवाची गाडी. २०२४ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे इलिनॉय राज्यात पिओरियाला तीन महिने होतो. गावाबाहेर पडले की मैलोन् मैल मक्याची शेते. आपल्याकडे उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल करतात, तिकडे मक्यापासून. मक्याच्या मुलखात ८५ टक्क्यांचे इथेनॉल, ज्याला तिकडे ई-८५ म्हणतात, ते बऱ्याच पंपांवर वेगळ्या नळीतून मिळते. नातवाकडे जुनी सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे, अडीच लिटरची, टर्बो बसवलेली. दर शनिवारी तो गाडीच्या पोटात डोके घालून बसलेला असे. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो. दुसरे करण्यासारखे तिथे काही नसते. हे वेगाचे वेड मला पसंत नाही, आणि त्याने त्या गाडीवर केलेला खर्च माझ्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांच्या पगारापेक्षा जास्त आहे. हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, खर्चाचं जाऊ द्या, काय करतोय ते तर बघा." मग पाहिले, आणि विचारत राहिलो.

जे समजले ते माझ्या शब्दांत सांगतो. टर्बो म्हणजे लोहाराचा भाता समजा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त. पण हवा दाबली की तापते. फार तापली, फार दाबली, की पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आपल्या आपण भडकते. त्याला नॉकिंग म्हणतात. आतून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टनची वाट लागते. म्हणजे टर्बोची खरी मर्यादा भाता किती मोठा आहे ही नाही. इंधन किती दाब सोसते, ही आहे.

इथे इथेनॉल उपयोगी पडते. एक तर ते दाब जास्त सोसते. ऑक्टेन म्हणतात तो आकडा हेच मोजतो. दुसरे असे की, इंजेक्शन देण्याआधी नर्स दंडाला स्पिरिट लावते तेव्हा गार लागते ना, तेच इंजिनात होते. इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषते आणि आत येणारी तापलेली हवा थंड करते. मग भात्याचा दाब वाढवता येतो, ठिणगी थोडी लवकर टाकता येते, आणि गाडी सुसाट निघते. स्वीडनच्या साब कंपनीने २००५ साली ९-५ बायोपॉवर नावाची टर्बो गाडी काढली होती. तीच गाडी, तेच इंजिन. पेट्रोलवर १५० अश्वशक्ती, ई-८५ वर १८०. कोनिगसेग या दुसऱ्या स्वीडिश कंपनीची सीसीएक्स पेट्रोलवर ८०६ अश्वशक्ती देत असे. तिचीच इथेनॉलसाठी बनवलेली आवृत्ती सीसीएक्सआर २००७ साली आली, ती ई-८५ वर १०१८ देई. म्हणजे इथेनॉलने ताकद वाढते हे खरे आहे. माझ्या मित्राचे अर्धे वाक्य बरोबर आहे.

आता उरलेले अर्धे.

इथेनॉल पूर्ण जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागते. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, एक किलो इथेनॉलला ९ किलो. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे ई-८५ वर चालायचे तर इंजिनाला प्रत्येक फेरीत तीस-चाळीस टक्के जास्त इंधन पाजावे लागते. जुने इंजेक्टर ते देऊ शकत नाहीत. जुना पंप तेवढे ओढू शकत नाही.

म्हणून नातवाने काय केले ते क्रमाने सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा क्रमाचाच आहे. आधी मोठा पंप बसवला. मग मोठे इंजेक्टर. मग इंधनाच्या नळीत एक छोटा सेन्सर, जो त्या क्षणी टाकीतून येणाऱ्या इंधनात इथेनॉल किती टक्के आहे ते मोजतो. अमेरिकेत ई-८५ हे नावच आहे, प्रत्यक्षात ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे ५१ पासून ८३ टक्क्यांपर्यंत काहीही असते, कारण थंडीत इथेनॉलवर इंजिन लवकर सुरू होत नाही. मग इंजिनाच्या संगणकात दोन कोष्टके भरली, एक पेट्रोलचे आणि एक इथेनॉलचे. सेन्सर सांगेल तसा संगणक दोन्हींच्या मधला आकडा काढतो. मग गाडी एका ट्यूनरकडे नेली, रुळांवर चाके फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवली, आणि त्या माणसाने दुपारभर हवा-इंधनाचे प्रमाण बघत, नॉकिंगचा आवाज ऐकत एकेक आकडा दुरुस्त केला. हे सगळे झाल्यावर, आणि झाल्यावरच, गाडी ई-८५ वर जोरात पळवली.

त्याच्या एका मित्राने हे न करताच टाकी ई-८५ ने भरली होती. "शेवटी इंधनच ना" म्हणाला. थोड्या वेळात दिवा लागला, गाडी आचके देऊ लागली आणि ओढून आणावी लागली. नातू म्हणाला, "आजोबा, टाकीत नवं इंधन आणि डोक्यात जुनं कोष्टक. मग दुसरं काय होणार?"

तर कट्ट्यावरच्या मित्रा, हे तुझे उदाहरण तुझ्या बाजूचे नाही, माझ्या बाजूचे आहे. इथेनॉल देते ते त्याच्यासाठी तयार केलेल्या इंजिनाला. दाब वाढवायची सोय असलेल्या, ठिणगीची वेळ बदलता येणाऱ्या, इंधन मोजून घेणाऱ्या इंजिनाला. माझ्या स्कूटरचा कार्बोरेटर म्हणजे ठरावीक भोकाची पितळी जेट. तिला डोके नाही, कान नाहीत, सेन्सर नाही. तिच्यात दाब वाढवायची सोय नाही, म्हणून ऑक्टेनचा फायदा तिला शून्य. आणि इंधन वाढवायचीही सोय नाही, म्हणून ऊर्जेतला तोटा पूर्ण. २०२५ च्या सरकारी खुलाशात म्हटले होते की इथेनॉलचा ऑक्टेन १०८.५ आहे आणि पेट्रोलचा ८४.४. आकडा चांगला आहे. पण पहिलीच्या पोराच्या हातात दहावीचे पुस्तक दिले म्हणून ते दहावी पास होत नाही. पुस्तक वाचता यायला हवे.

मी अतिशयोक्ती करणार नाही. २० म्हणजे ८५ नव्हे. इंजेक्शनच्या नव्या गाड्या धुरातला ऑक्सिजन मोजून आपले प्रमाण बऱ्यापैकी सावरून घेतात. २० टक्क्यांनी इंजिने फुटत सुटली आहेत, असे काही मी पाहिलेले नाही आणि म्हणणारही नाही. माझ्या स्कूटरच्या बाबतीत मेकॅनिक एवढेच म्हणाला, "सर, रबरी नळी फुगलीय आणि टाकीतला जुना गाळ सुटून जेटमध्ये बसतोय. साफ करून देतो, पण परत आला तर नवल वाटून घेऊ नका." एका म्हाताऱ्याची एक स्कूटर हा काही पुरावा नाही. सतरा वर्षांनी ती तशीही बिघडली असती.

पण माझी तक्रार बिघाडाची नाहीच. क्रमाची आहे, आणि हिशेबाची आहे.

नीती आयोगाचा २०२१ चा आराखडा आहे. त्यात स्वच्छ लिहिले होते की शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज २० टक्क्यांवर ६ ते ७ टक्के घटेल, तशाच दुचाकीचे ३ ते ४ टक्के. १० टक्क्यांसाठी घडवून २० साठी जुळवलेल्या चारचाकीचे मात्र १ ते २ टक्केच. हाच तो ट्यूनिंगचा फरक! एकच इंधन, पण गाडी तयार असेल तर १-२ आणि नसेल तर ६-७. त्याच आराखड्यात होते की एप्रिल २०२३ पासून २० टक्के सोसणारे सुटे भाग असलेल्या गाड्या आणि एप्रिल २०२५ पासून २० टक्क्यांसाठी जुळवलेली इंजिने यावीत. मिश्रणाचे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावे, म्हणजे घटलेल्या मायलेजची भरपाई होईल, असेही त्यात होते.

मग काय झाले? २०३० चे उद्दिष्ट अलीकडे ओढले गेले. जून २०२२ मध्ये १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्के. ज्या वर्षी जुळवलेली इंजिने बाजारात यायला सुरुवात व्हायची, त्याच वर्षी सगळ्यांच्या टाक्या बदलल्या. एप्रिल २०२३ आधी विकलेली कोट्यवधी वाहने तशीच रस्त्यावर होती. इंधन पुढे गेले आणि इंजिन मागे राहिले. नातवाच्या मित्राने एका टाकीपुरते जे केले, ते आपण देशभर केले. मात्रा कमी होती म्हणून आचके कमी बसले, एवढेच.

आणि भाव? पाचवीतले गणित आहे. ८० भाग पेट्रोलची पूर्ण ऊर्जा आणि २० भाग इथेनॉलची दोनतृतीयांश. बेरीज साधारण ९३. म्हणजे शंभर रुपये मोजून ९३ रुपयांची ऊर्जा. यावर सरकारचे उत्तर असे की आराखडा केला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता तसे नाही. जुलै २०२५ अखेर त्याचा सरासरी खरेदीभाव लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होता. उत्तर खोटे नाही. पण मग गिऱ्हाईकाला तसे सांगा ना! "परकीय चलन वाचावे, शेतकऱ्याला पैसे मिळावेत, म्हणून तुम्ही थोडे सोसा," असे मोकळेपणाने म्हटले असते तर माझ्यासारख्याने नक्की सोसले असते. आमच्या पिढीने देशासाठी याहून जास्त सोसले आहे. पण प्रगतिपुस्तकात गुण कमी द्यायचे आणि पालकांना सांगायचे की पोरगा पहिला आला, हे मी चौतीस वर्षांत कधी केले नाही.

ब्राझीलचे उदाहरण हमखास देतात. द्यावे, पण पूर्ण द्यावे. ब्राझीलने ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल ३० टक्क्यांवर नेले हे खरे. पण त्यांनी सुरुवात केली १९७५ साली. १९७९ मध्ये इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ कारखान्यातून बाहेर पडली. २००३ पासून कुठलेही मिश्रण चालणाऱ्या गाड्या आल्या. आणि तिथे पंपावर इथेनॉल वेगळे आणि पेट्रोल वेगळे मिळते, भावही वेगळे. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल भरायचे, नाहीतर पेट्रोल, हा हिशेब तिथला साधा टॅक्सीवालाही करतो. गाडी तयार करायला अर्धे शतक, भाव वेगळा आणि निवड गिऱ्हाईकाची. या तीन गोष्टी वगळून उरतो तो फक्त तीसचा आकडा.

अमेरिकेतही तेच. तिथे १५ टक्क्यांच्या नळीवर लेबल असते की हे २००१ च्या आणि त्यानंतरच्या मोटारींतच भरा, इतर वाहनांत आणि यंत्रांत नको. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवा आणि पंपावर प्रमाण लिहा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा निर्णय मान्य. पण मागणी चुकीची होती असे मला आजही वाटत नाही.

आता दुसरा आरोप, शेतकऱ्याचा वैरी असल्याचा. आमची सव्वादोन एकर जमीन आहे, धाकटा भाऊ बघतो, आणि तिच्यात ऊसच आहे. कारखान्याकडून बिल कधी येते याची वाट बघत आमच्या घरातली लग्ने ठरली आहेत. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हातात पैसा लवकर येतो आणि तो उसाच्या बिलापर्यंत पोहोचू शकतो, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच मला राग आहे. चांगल्या मालाची बदनामी त्याच्या शत्रूंनी केली नाही, घाई करणाऱ्यांनी केली. आमच्या उसाचे इथेनॉल इतके गुणाचे आहे की त्याने टर्बो गाडीची ताकद पाचवा हिस्सा वाढते. आणि आपल्या देशात त्याची ओळख काय झाली, तर मायलेज खाणारे पाणी!

शेवटी एक प्रयोग सांगतो. सेन्सर बसवण्याआधी नातू इंधन तपासायचा ते एका काचेच्या नळीत. थोडे पाणी, वर इंधन, बूच लावून हलवायचे आणि ठेवून द्यायचे. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात उतरते आणि खालची रेघ वर चढते. मला फार आवडले ते. परत आल्यावर आमच्या जुन्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विनंती केली. त्यांनी मोकळ्या जागेत, सगळी काळजी घेऊन करून दाखवले. (घरी करू नका, पेट्रोल आहे.) १० मिलिलिटर पाणी, ९० मिलिलिटर पेट्रोल. हलवून ठेवले. खालचा थर २८ वर येऊन थांबला. १० चे २८, म्हणजे ९० मध्ये १८. बरोबर २० टक्के.

सरकारने सांगितले तेवढेच निघाले, कमी नाही, जास्त नाही. त्याचे मला समाधान वाटले. पण ज्या पंपावरून ते आणले, तिथे नुसते 'पेट्रोल' लिहिले होते. पिओरियातल्या बावीस वर्षांच्या पोराला गाडीत बसल्या बसल्या काट्यावर दिसते की टाकीत आज काय आहे. मला ते कळायला शाळेची प्रयोगशाळा लागली.

माझे मागणे मोठे नाही. नळीवर टक्के लिहा. ऊर्जा कमी तर भावही त्या हिशेबाने लावा, नाहीतर का लावत नाही ते सरळ सांगा. जुन्या गाड्यांना त्यांच्या आयुष्यापुरते कमी मिश्रणाचे पेट्रोल राहू द्या. आणि पुढचा टप्पा गाठण्याआधी गाड्या तयार होऊ द्या. शनिवारी गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या पोराला जे कळते, ते दिल्लीत कळायला हरकत नाही.

मित्राला हे सगळे कट्ट्यावर वाचून दाखवणार आहे. तो केमिस्ट आहे, हिशेबात चूक असेल तर काढील. नसेल तर चहा त्याच्याकडून.